इराण-रशियात पेटंट काढायचं तर: वणीच्या एका अवजाराच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे. वणी तालुक्यातल्या एका वर्कशॉपने आणि गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारं अवजार बनवलं. उभी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मुळासकट उपटून ते वावरातच तिची कुट्टी करतं. मुंबईच्या पेटंट कार्यालयात तात्पुरता अर्ज करून आठ महिने झाले. त्यानंतर अवजार नागपुरात प्रदर्शनात मांडलं, तेव्हा उझबेकिस्तान, इराण आणि रशियातून विचारणा आली. रशियन कंपनी म्हणते, आम्हाला सहअर्जदार करा, खर्च सगळा आमचा. एका भागीदाराचा पुतण्या अमेरिकेत असतो, पात्याच्या रचनेत त्याचं डोकं आहे. बँकेच्या शाखेत 'इराण' हा शब्द काढल्याबरोबर फॉर्म परत आला. तर या देशांत पेटंट मिळतं का, आणि घेतलं तर उद्या अमेरिका-युरोपात अर्ज करताना आपल्याला अडचण येते का?

मिळतं. आणि इराणात किंवा रशियात अर्ज केला एवढ्यावरून अमेरिकेत किंवा युरोपात तुमचा अर्ज कुणी फेटाळत नाही. अमेरिकेच्या निर्बंध-नियमांत पेटंट आणि व्यापारचिन्हाचा अर्ज करणं, तो चालवणं, नूतनीकरण करणं आणि त्याची फी भरणं याला वेगळी सूट लिहून ठेवलेली आहे. इराणसाठी ती नियम ५६०.५०९ मध्ये आहे, रशियासाठी ५ मे २०२२ च्या जनरल लायसन्स क्रमांक ३१ मध्ये. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ही सूट हक्क मिळवण्या-राखण्यापुरती आहे. त्या हक्कातून कमावणं, म्हणजे लायसन्स देणं आणि रॉयल्टी घेणं, त्यात बसत नाही. दुसरं म्हणजे सूट कायद्यात असली तरी मधल्या बँका ती मानायला बांधील नसतात. म्हणून अशा देशांतलं पेटंट बहुतेक वेळा बंदीमुळे जात नाही, फी वेळेत न पोचल्यामुळे जातं. तुमचं सगळं नियोजन तारीख आणि पैशाची वाट इथून सुरू झालं पाहिजे.

फी अडली की काय होतं याचा सगळ्यांत बोलका दाखला क्युबाचा आहे. क्युबाच्या सरकारी कंपनीने १९७६ मध्ये अमेरिकेत 'हवाना क्लब' हे रमचं व्यापारचिन्ह नोंदवलं. २००६ मध्ये नूतनीकरणाची वेळ आली. निर्बंधांमुळे ती फी भरायला अमेरिकी वित्त खात्याच्या निर्बंध विभागाची, म्हणजे ओफॅकची, वेगळी परवानगी लागत होती. ओफॅकने ती नाकारली आणि नोंदणी संपली. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. जानेवारी २०१६ मध्ये ओफॅकने परवानगी दिली तेव्हा कुठे नूतनीकरण झालं. मधल्या दहा वर्षांत चिन्हाच्या मालकीबद्दलचा मूळ वाद होता तिथेच होता, आणि अडून बसली होती ती एक किरकोळ फी.

आता तुमच्यावर नेमके कुणाचे निर्बंध लागू होतात ते पाहू, कारण इथे बराच गोंधळ असतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आणि भारतीय कंपनीला कायद्याने बांधतात ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध. ते १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायद्याखाली इथे अंमलात येतात. इराणवरचे हे निर्बंध सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा लागू झाले. त्यांत अणु आणि क्षेपणास्त्र कार्यक्रमाशी जोडलेला माल आणि नावानिशी दिलेल्या संस्था येतात. पऱ्हाटीच्या कुट्टीचं अवजार त्यात बसत नाही, पण समोरचा खरेदीदार त्या यादीत नाही ना हे बघणं तुमचं काम आहे. अमेरिकेचे आणि युरोपीय संघाचे निर्बंध भारतातला कायदा नव्हेत. तरी ते तुम्हाला तीन वाटांनी गाठतात: डॉलर वापरला की, व्यवहारात अमेरिकी किंवा युरोपीय माणूस आला की, आणि तुमच्या बँकेला स्वतःच्या परदेशी खात्यांची काळजी वाटली की.

निर्बंधही एका जातीचे नसतात. इराण किंवा क्युबावरचे अमेरिकी निर्बंध अख्ख्या देशावर आहेत. रशियावरचे बरेचसे नावांच्या यादीवर आणि ठरावीक मालावर आहेत. यादीतल्या व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी, तिचं नाव यादीत नसलं तरी, अमेरिकेच्या हिशेबाने यादीतच धरली जाते. कापसाच्या धंद्यात याचं मोठं उदाहरण चीनमधलं आहे: शिनजियांगमध्ये प्रचंड कापूस पिकवणारी शिनजियांग उत्पादन आणि बांधकाम कोअर ही संस्था ३१ जुलै २०२० पासून अमेरिकेच्या यादीत आहे. चीनवर सरसकट बंदी नाही, पण तिच्या मालकीच्या एखाद्या कंपनीशी लायसन्सचा करार केला तर अडकाल. तुर्कमेनिस्तानच्या कापसावर अमेरिकेने २०१८ मध्ये आयातबंदी घातली ती आणखी वेगळी गोष्ट. तिचा संबंध कापसाशी, पेटंटशी काही नाही. उझबेकिस्तानवर देश म्हणून निर्बंध नाहीत. तिथल्या खरेदीदाराचं नाव तपासा आणि नेहमीसारखं काम करा.

परदेशाकडे वळण्याआधी आपल्या घरचा कायदा. पेटंट कायद्याचं कलम ३९ सांगतं की भारतात राहणाऱ्याने परदेशात अर्ज करण्याआधी एकतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी. ही परवानगी साधारण २१ दिवसांत मिळते. तुमचे आठ महिने झालेत, तेव्हा अट पुरी झाली असं वाटेल. पण ती तात्पुरत्या अर्जात जे लिहिलं होतं तेवढ्यापुरतीच पुरी झाली. मधल्या काळात पात्याचा कोन बदलला असेल, दगड आला की सुटणारा क्लच नव्याने बसवला असेल, तर ती भर त्या अर्जात नाही. ती बाहेर न्यायची तर तिच्यासाठी वेगळा भारतीय अर्ज आणि पुन्हा सहा आठवडे, किंवा फॉर्म २५. हे चुकलं तर कलम ४० प्रमाणे भारतीय अर्ज सोडून दिला असं मानतात, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं, आणि कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. निर्बंधांच्या धास्तीत लोक हे घरचंच कलम विसरतात. जी भर तात्पुरत्या अर्जात नाही तिला त्या अर्जाची अग्रतारीखही, म्हणजे 'हा शोध आमचा या दिवसापासून' असा दावा करायची आधीची तारीखही, मिळत नाही. म्हणजे प्रदर्शनात नवा क्लच लावलेलं यंत्र उभं केलं असेल, तर त्या क्लचपुरतं तुम्हीच तुमचं गुपित फोडलेलं असू शकतं. प्रदर्शनात नेमकं कोणतं मॉडेल होतं ते फोटो काढून पेटंट एजंटाला दाखवा.

माहिती बाहेर पाठवण्याबद्दल एक शंका नेहमी येते: तांत्रिक आराखडे इराणला धाडणं हा निर्यात-गुन्हा ठरतो का? दुहेरी वापराच्या मालाची आपली स्कोमेट यादी पेटंट अर्जासाठी लागणाऱ्या किमान माहितीला वगळते. पण 'किमान' हा शब्द खरा माना. पेटंटच्या वर्णनात लागेल तेवढंच द्या. कारखान्याचे कटिंग ड्रॉइंग, पात्याचं पोलाद तापवून थंड करण्याचं वेळापत्रक, पुरवठादारांची नावं एजंटाला पाठवायचं कारण नाही. हे वेळापत्रक तसंही गुपित म्हणून जपलेलं बरं, कारण अवजार खोलून ते कळत नाही. बाकी यंत्राची रचना मात्र जो विकत घेईल त्याच्या मिस्त्रीला दोन दिवसांत कळते. तिथे गुपिताच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

बाराव्या महिन्याच्या आत पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांतला हक्क एकाच अर्जाने राखून ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातला अर्ज, करा, आणि तो भारतीय कार्यालयातूनच करा. निर्बंधांच्या बाबतीत पीसीटीचा एक मोठा फायदा आहे. एकाच अर्जात दीडशेहून अधिक सदस्य देश आपोआप येतात. त्यांत रशिया, बेलारूस, उझबेकिस्तान, क्युबा, सीरिया, उत्तर कोरिया आहेत, आणि ४ ऑक्टोबर २०१३ पासून इराणही आहे. तेहरानला किंवा मॉस्कोला एक पैसाही न पाठवता तुमचा हक्क पहिल्या अर्जापासून ३० महिन्यांपर्यंत जिवंत राहतो. तोवर खरेदीदार खरा आहे का ते कळतं, आणि बँकेची वाटही शोधून होते. आंतरराष्ट्रीय फी ३० पानांपर्यंत १,३३० स्विस फ्रँक आहे. सगळे अर्जदार भारतातल्या व्यक्ती असतील तर तीत ९० टक्के सूट मिळते. कंपनी अर्जदार असेल तर मिळत नाही. सुटीसाठी कंपनीचा हिस्सा लपवून वर्कशॉपच्या भागीदारांच्या नावाने अर्ज टाकायचा मोह होईल, तो टाळा. सूट घेणारेच खरे आणि पूर्ण मालक असले पाहिजेत, कंपनीला हक्क द्यायला आधीच बांधलेले नसले पाहिजेत, अशी अट आहे. शोध-अहवालासाठी, म्हणजे असं काही आधी कुठे झालंय का या तपासणीसाठी, भारतीय कार्यालय निवडलंत तर व्यक्तीला २,५०० रुपये, इतरांना १०,००० रुपये लागतात, आणि हा खर्च रुपयांत होतो.

तीस महिने संपायच्या आत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करावा लागतो. रशियात आणि युरेशियन कार्यालयात ३१ महिने मिळतात, पण तुम्ही सगळीकडे ३० धरूनच चाला. युद्ध, संप, नैसर्गिक आपत्ती यांमुळे झालेला उशीर माफ करणारा पीसीटीचा नियम आहे, तो बाराव्या महिन्याच्या मुदतीला आणि या तिसाव्या महिन्याच्या मुदतीला लागत नाही. आणि 'बँकेने पैसे अडवले' हे कारण त्या नियमाच्या यादीतच नाही.

कापसाच्या देशांसाठी माझा कल युरेशियन पेटंटाकडे आहे. एका अर्जात रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान, अझरबैजान, आर्मेनिया, बेलारूस येतात. कार्यालय मॉस्कोत आहे आणि भाषा रशियन आहे, पण तुमचा वकील मॉस्कोचाच हवा असं नाही. कझाकस्तानातला नोंदणीकृत युरेशियन पेटंट वकील चालतो, आणि नागपूर-चंद्रपूरच्या बँक शाखेतून कझाकस्तानात पैसे पाठवणं रशियात पाठवण्यापेक्षा खूपच सोपं जातं. कार्यालयाची फी तो आपल्या बाजूने भरतो. उझबेकिस्तान या संघटनेत नाही; त्याचा अर्ज वेगळा करा, आणि पहिला त्याचाच करा, कारण कापूस आहे आणि निर्बंधांची भानगड नाही. इराणात मात्र खरेदीदाराने आगाऊ ऑर्डर दिल्याशिवाय अर्ज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फारसी भाषांतर, मुखत्यारपत्रावर नोटरी आणि दूतावासाच्या मोहोरा, शिवाय दरवर्षी फी पोचवण्याची झटापट, एवढं करून एक-दोन अवजारं विकली गेली तर हिशेब बसत नाही.

आता पैशाचं. फॉर्म परत आला तो शाखेतल्या साहेबाच्या आडमुठेपणामुळे आला असं समजू नका. फेब्रुवारी २०२० पासून इराण मनी लाँडरिंगवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफच्या काळ्या यादीत आहे. रशियाबाबत डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशाने परदेशी बँकांवरही कारवाईची धमकी आहे. भारतीय बँकेचं न्यूयॉर्कमधलं खातं बंद झालं तर तिचा सगळा डॉलर व्यवहार थांबतो. तुमच्या चाळीस हजारांच्या फीसाठी ती हा धोका घेणार नाही. म्हणून शाखेत तोंडी विचारू नका. लेखी अर्ज बँकेच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेला द्या. त्यासोबत एजंटाचं बिल, त्यात सरकारी फी आणि वकिलाची फी वेगवेगळी. एजंटाचं पूर्ण कायदेशीर नाव आणि पत्ता. त्याच्या बँकेचं नाव आणि स्विफ्ट कोड. तुमचा पीसीटी क्रमांक. आणि एक पानाचं पत्र, की ही रक्कम पेटंट अर्जाच्या फीसाठी आहे, माल किंवा रॉयल्टी नाही, आणि अमेरिकी नियमांतही या प्रकारच्या फीला अमुक कलमाने सूट आहे. हे कलम तुमच्यावर बंधनकारक नसलं तरी बँकेच्या तपासणी विभागाला फाइलवर लावायला कागद मिळतो, आणि बरेचदा तेवढ्यावर काम पुढे सरकतं.

चलन डॉलर नको. डॉलरमधला जवळजवळ प्रत्येक व्यवहार अमेरिकी बँकेतून जातो, आणि तिथे दोन गोष्टी होऊ शकतात. त्यांतला फरक नीट समजून घ्या. रक्कम 'नाकारली' तर ती बँक-खर्च कापून तीन-चार आठवड्यांत परत येते. रक्कम 'गोठवली' तर ती परत येत नाही; घेणारा किंवा त्याची बँक यादीत असेल तर अमेरिकी बँकेला ती अडकवून ठेवावीच लागते, आणि सोडवायला ओफॅककडे अर्ज करावा लागतो. म्हणून एजंटापेक्षाही त्याच्या बँकेचं नाव आधी तपासा. एजंट स्वच्छ आणि बँक यादीतली, असा प्रकार रशियात सर्रास आहे. युरो वापरला तर युरोपातली मधली बँक तसेच प्रश्न विचारते. रशियाशी व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रुपयातली विशेष व्होस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांनी भारतीय बँकेत उघडलेली रुपयातली खाती, सुरू झाली. तुमच्या बँकेकडे असं खातं असेल आणि रशियन एजंट रुपयातलं बिल स्वीकारत असेल, तर ही वाट सगळ्यांत सरळ. पण ही खाती मुख्यतः मालाच्या व्यापारासाठी वापरली जातात. वकिलाची फी किंवा रॉयल्टी त्यातून जाईल का, हे बँकेकडून लेखी घ्या.

इराणी वकिलांपैकी अनेकांची दुबई किंवा तुर्कस्तानात वसुलीची सोय असते. ती वापरायला हरकत नाही, पण कागदावर सगळं उघड लिहून. बिलात 'इराणमधील पेटंट अर्ज' असं स्पष्ट हवं. काही एजंट सांगतात, इराणचं नाव काढा, 'सल्ला शुल्क' लिहा, पैसे सुटतात. पैसे सुटतातही. पण उद्या चौकशीत तोच कागद तुमच्या विरोधात जातो, आणि जी फी कायदेशीर सुटीत बसत होती ती निर्बंध चुकवण्याचा प्रयत्न ठरते. बँकेशी एकदा खोटं बोललात की गावच्या कंपनीचा पुढचा प्रत्येक परदेशी व्यवहार संशयाने पाहिला जातो. ही किंमत कोणत्याही पेटंटापेक्षा मोठी आहे.

एवढं सगळं करायला वेळ लागतो. २६ व्या महिन्यात बँकेला पत्र द्या, २७ व्यात एक छोटी रक्कम, समजा भाषांतराचा आगाऊ हप्ता, पाठवून वाट तपासा. ती पोचली तर त्याच वाटेने मोठी रक्कम जाईल. नाही पोचली तर दुसरी वाट शोधायला तीन महिने हातात राहतात. एजंटाशी आधीच लेखी ठरवा की फी आली नाही तरी शेवटच्या दिवशी तो पदरचे पैसे घालून अर्ज दाखल करेल आणि तुम्ही साठ दिवसांत देणं भागवाल. जुने एजंट याला तयार होतात. वार्षिक फीसाठीही हीच व्यवस्था ठेवा. वार्षिक फी चुकली तर औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारामुळे सहा महिन्यांची सवलत आहे, दंडासह. त्यानंतर पेटंट संपतं. रशियात ते तीन वर्षांपर्यंत पुन्हा जिवंत करता येतं, पण मधल्या काळात ज्याने तुमचं अवजार बनवायला सुरुवात केली त्याला फुकट बनवत राहण्याचा हक्क मिळतो. म्हणजे जिवंत झालेलं पेटंटही त्या एका कारखान्यापुरतं निकामी असतं.

रशियन कंपनीला सहअर्जदार करू नका. खर्चाच्या आमिषाला भुलू नका. २४ जून २०२४ च्या चौदाव्या निर्बंध-संचात युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांच्या पेटंट कार्यालयांना आणि संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाला रशियन नागरिक, रहिवासी आणि कंपन्यांचे नवे अर्ज घ्यायला मनाई केली. अर्ज इतर देशांच्या लोकांसोबत संयुक्त असला तरी मनाई लागू आहे, हे त्यात स्वतंत्र लिहिलेलं आहे. म्हणजे एका सहअर्जदारामुळे तुमचं जर्मनी-फ्रान्समधलं दार बंद होऊ शकतं. युरोपियन पेटंट कार्यालय ही संघाबाहेरची संस्था आहे, तिथे नेहमीचा अर्ज चालतो; पण अनेक देशांत एकदम लागू होणारा 'एकात्म' दर्जा रशियन अर्जदार असेल तर मिळत नाही. रशियन कंपनीला हवंच असेल तर तिला रशियापुरतं लायसन्स द्या, मालकी नको. अमेरिकेत लवकर तपासणी व्हावी म्हणून रशियातल्या मंजुरीचा आधार घ्यायचा बेत असेल तर तोही सोडा. अमेरिकी कार्यालयाने ११ मार्च २०२२ पासून रशियन निकालावर आधारित जलद तपासणी बंद केली आहे.

रशियाकडूनही उलटा तडाखा आहे, आणि तो तुमच्या पुतण्याशी जोडलेला आहे. संरक्षण, सुरक्षा किंवा लोकांच्या जीवित-आरोग्याच्या कारणावरून रशियन सरकार मालकाच्या परवानगीशिवाय पेटंट वापरू देऊ शकतं. त्याचा मोबदला विक्रीच्या ०.५ टक्के होता. ६ मार्च २०२२ च्या ठराव २९९ ने 'अमित्र' देशांशी संबंधित मालकांसाठी तो शून्य केला. भारत त्या यादीत नाही, अमेरिका आणि युरोपीय संघातले देश आहेत. कुट्टी यंत्रावर असा हुकूम निघणं कठीण. पण पेटंट पुतण्याच्या नावाने किंवा उद्या एखाद्या अमेरिकी गुंतवणूकदार कंपनीच्या नावाने केलंत, तर रशियात तुम्ही स्वतःहून 'अमित्र' गटात जाता. रशियातल्या रॉयल्टीवरही परिणाम होतो: मे २०२२ च्या हुकमाने अशा मालकांची रॉयल्टी बहुतांशी खास रुबल खात्यात जमा होते, आणि ती बाहेर काढायला परवानगी लागते. मालकी भारतीय कंपनीकडे ठेवा.

पुतण्याचं नाव शोधक म्हणून मात्र काढता येणार नाही. ज्याने शोधात भर घातली त्याचं नाव द्यावंच लागतं, लपवलं तर पेटंटच कच्चं राहतं. त्याने पात्याचं काम अमेरिकेत बसून केलं असेल तर अमेरिकेच्या कायद्यानेही बाहेर अर्ज करण्याआधी तिथली परवानगी लागते. भारतीय कलम ३९ पाळलं म्हणून ती माफ होत नाही. तात्पुरता अर्ज भारतात आधीच झाला आहे, तेव्हा ही परवानगी मागाहून घेण्याची सोय अमेरिकी वकिलाला आजच विचारा. पुतण्या अमेरिकी नागरिक असो, ग्रीन कार्डवाला असो की तिथे नोकरीवर राहणारा असो, इराणचा अर्ज आणि त्याची फी याला त्याच्यासाठी सूट आहे. पण इराणला लायसन्स देण्याच्या बोलण्यांत त्याने भाग घेणं, ईमेलवर मत देणं, करार तपासून पाठवणं, हे 'मदत करणं' धरलं जातं आणि त्याच्या गळ्याशी येऊ शकतं. इराणच्या रॉयल्टीत त्याचा वाटा असणं तर नकोच. म्हणून त्याच्या हक्काचं लेखी हस्तांतरण आताच करून घ्या, खरा मोबदला देऊन, आणि ते पेटंट कार्यालयात नोंदवा. इराणशी व्यवहार ठरल्यावर घाईने केलेलं हस्तांतरण बनावट दिसतं.

लायसन्सच्या करारात निर्बंधांचं कलम नीट लिहा, नमुन्यातून उचलू नका. तीन गोष्टी त्यात हव्यात. बँकेच्या वाटेने पैसे पाठवणं बंद झालं तर रॉयल्टी माफ न होता साठत राहील. सहा महिने पैसे आले नाहीत तर तुम्ही करार मोडू शकाल, आणि मोडल्यावर त्यांनी अवजार बनवणं थांबवायचं. आणि वार्षिक फी स्थानिक लायसन्सदाराने थेट कार्यालयात भरायची, पेटंट मात्र तुमच्याच नावावर राहील; फी पाठवायची अडचण त्याने बरीच सुटते. रशियाबरोबरच्या करकरारात रॉयल्टीवर १० टक्के कर आहे. रशियाने ऑगस्ट २०२३ मध्ये जे करकरार थांबवले त्यांत भारताचा नाही.

शेवटी अवजाराच्या नावाचा मुद्दा. तो प्रश्नात नव्हता, पण बाहेरच्या बाजारात आधी चोरलं जातं ते नाव. माद्रिद व्यवस्थेत, म्हणजे एका अर्जाने अनेक देशांत व्यापारचिन्ह नोंदवण्याच्या जिनिव्हातून चालणाऱ्या व्यवस्थेत, भारत ८ जुलै २०१३ पासून आहे, इराण आणि रशियाही आहेत. मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयातून एकच अर्ज, फी एकदाच जिनिव्हाला स्विस फ्रँकमध्ये. तेहरान-मॉस्कोला वेगळे पैसे पाठवावे लागतात ते तिथून हरकत आली तरच. यांत्रिक शेती अवजारं वर्ग ७ मध्ये येतात. रशियात नोंदलेलं चिन्ह सलग तीन वर्षं वापरलं नाही तर दुसरा कुणी ते रद्द करायला अर्ज करू शकतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराच्या कलम १९ प्रमाणे आयातबंदी किंवा सरकारी अटींमुळे वापर झाला नसेल तर ते सबळ कारण धरलं जातं, पण पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. म्हणून बँकेने परत पाठवलेले फॉर्म, अडलेल्या रकमेची पत्रं, खरेदीदाराचे 'पैसे पाठवता येत नाहीत' असे ईमेल, सगळं तारखेनिशी एका फाइलमध्ये ठेवा. शाखेतून परत आलेला तो पहिला फॉर्मही त्यातच लावा.